पार्श्वभूमी : 33 की 45?

मुंबईतल्या हार्डकोर, म्हणजे टेक्नोचा अतिवेगवान, कर्कश प्रकार ऐकणाऱ्या मूठभरांमध्ये सध्या ज्या 12 इंची रेकॉर्डवरून जुंपली आहे, तिच्यावर ना कलाकाराचं नाव ना गाण्यांची. पांढरं लेबल, एका बाजूला पुसट रबरी शिक्का, दुसरी बाजू कोरी. मिनिटाला 33 फेऱ्यांच्या वेगाने लावायची की 45च्या, तेही लिहिलेलं नाही. कुणी तिला ‘कवटीत खिळे ठोकते’ म्हणून डोक्यावर घेतलंय, कुणी ‘दळण दळल्यासारखी’ म्हणून निकालात काढलंय. दोन्ही मतं प्रामाणिक असावीत. एकाने ती 45वर ऐकली, दुसऱ्याने 33वर.

एरवी असला घोळ फार टिकत नाही. भावगीतांची एलपी चुकून 45वर लागली की गायक चिरकतो आणि घरातलं कुणीतरी आतूनच ओरडतं, ‘अरे, वेगाचा खटका बघ!’ इथे मात्र दोन्ही वेग शोभून दिसतात. 33⅓ आणि 45 यांच्यात 35 टक्क्यांचा फरक आहे. 45वर या रेकॉर्डचे ठोके मिनिटाला 250च्या आसपास भरतात, म्हणजे हार्डकोरचा सर्वात वेगवान प्रकार, स्पीडकोर. 33वर तेच 185ला येतात, आणि 185 हा गॅबरचा, म्हणजे हार्डकोरच्या डच प्रकाराचा, अगदी घरचा वेग. चूक कानाला कळणार कशी?

त्यात आपल्याकडची एक सवय आडवी येते. ज्यांच्या घरी आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर होता त्यांना नियम पाठ असतो : मोठी 33, छोटी 45. इथे छापलेल्या सिनेमाच्या आणि नाट्यसंगीताच्या एलपी 12 इंची आणि 33च्या, दोन-चार गाण्यांच्या ईपी 7 इंची आणि बहुतेक 45च्या. युरोप-अमेरिकेत डान्स म्युझिकसाठी 12 इंची 45 सर्रास निघत होत्या, पण मटण स्ट्रीटवर किंवा फोर्टच्या फुटपाथवर जुन्या हिंदी एलपी चाळत वाढलेल्यांच्या हाती त्या क्वचितच लागल्या. त्यामुळे मुंबईतला 33चा पक्ष हा बराचसा घरच्या वळणाचा पक्ष आहे. हे त्यांना आवडत नाही, पण आहे खरं.

वेगाशी खेळणं या संगीताच्या रक्तातच आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बेल्जियममध्ये 45ची रेकॉर्ड 33वर लावायची आणि पिच, म्हणजे वेग थोडा कमीजास्त करणारा खटका, +8 टक्क्यांना न्यायचा, या खोडीतून न्यू बीट नावाचा आख्खा प्रकार उभा राहिला. पुढे काटा उलटा फिरला. क्लबांमध्ये मुरलेल्या टेक्निक्स या जपानी टर्नटेबलचा पिच 8 टक्के वर किंवा खाली जातो; टेक्नो लावणारे तो कायम वरच्या टोकाला ठेवू लागले. 1990च्या सुमारास फ्रँकफर्टमध्ये 909 ड्रम मशीनचा किक, म्हणजे जाड ठोका, आवाज फाटेपर्यंत चढवला गेला, 1992 पासून रॉटरडॅमने तो 160च्या पुढे पळवला आणि न्यूयॉर्कच्या मंडळींनी 200 ओलांडले.

आता पुरावा. माणसाचा आवाज ऐकून वेग ठरवावा, ही पहिली सूचना सगळेच करतात. दुसऱ्या बाजूला एक किंकाळी आहेही, पण या संगीतात किंकाळ्या मुद्दामच ताणलेल्या किंवा आवळलेल्या असतात, त्यामुळे साक्षीदार फितूर. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर दिसतं की खाचा अंतराअंतराने कापल्यात आणि लेबलच्या बरंच अलीकडे संपतात. 45वर ही बाजू साधारण 10 मिनिटं चालते, 33वर साडेतेरा. दोन्ही मापं 12 इंचांत आरामात बसतात, म्हणजे तेही काही सिद्ध करत नाही. शेवटच्या कोऱ्या पट्ट्यावर सुईने कोरलेला नंबर आहे. वेग तिथेही नाही.

तरी मला 45च पटतं, आणि त्याचं कारण खाचेतच आहे. 33वर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. तिथे टोकदार आवाज चिरडतात. 45वर आतल्या टोकालाही 28 मिळतात. इतका फाटका, इतका कर्कश किक कापायचा आणि बाजूवर जागा शिल्लक आहे, तर कापणारा 33 का निवडेल? 33वाले म्हणतात, चिरडलेलाच आवाज हवा असेल तर? याला माझ्याकडे उत्तर नाही, पण हे जरा वकिली वाटतं.

शब्दांचाही गुंता आहे, तो थोडक्यात. मुंबईत या संगीताकडे बरेचजण मेटलमधून आले, आणि त्या कळपात हार्डकोर म्हणजे पंक. ‘स्पीडकोर’ हा शब्दही ऐंशीच्या दशकात थ्रॅश मेटल आणि पंकच्या मिश्रणाला लावला जायचा. शिवाय पूर्वी 250ला बिनदिक्कत स्पीडकोर म्हणत. आता 300च्या खाली काही असलं की नाकं मुरडणारे भेटतात. आमच्यातला तबला शिकलेला एकजण म्हणतो, मूळ लय 125ची, बाकी सगळी दुगुन, म्हणजे दुप्पट लय. त्याला अजून कुणी खोडून काढलेलं नाही. 1200च्या पुढे ठोका 20 हर्ट्झचा सूरच होतो, तेव्हा हा वाद आपोआप मिटतो म्हणा.

वाद आत्ताच का पेटला? देशात रेकॉर्ड छापणं नव्वदच्या दशकात थंडावलं, काळा घोड्याचं रिदम हाउस हे रेकॉर्डचं जुनं दुकान 2016 मध्ये बंद झालं, आणि मधली पिढी एमपी3वर वाढली. या रेकॉर्डची जी फाइल वर्षानुवर्षं पेनड्राइव्हवरून फिरली, ती कुणीतरी 33वर उतरवलेली होती. लोकलमध्ये इयरफोन लावून ज्यांनी ती शंभरदा ऐकली, त्यांच्यासाठी तीच मूळ. गेल्या काही वर्षांत प्लेअर पुन्हा घरात आले, 2024 मध्ये तर मुंबईत पुन्हा रेकॉर्ड छापायला सुरुवात झाली, आणि परदेशातून सेकंडहँड प्रती मागवणं नेहमीचं झालं. तेव्हा कुठे खटका लोकांच्या बोटाखाली आला.

मी हाताळलेल्या प्रतीवर शिक्क्याशेजारी आधीच्या कुठल्यातरी मालकाने बॉलपेनने 45 लिहिलंय. 33वाल्यांनी फोटो झूम करून पाहिला. त्यांच्या मते तो आकडा किमतीचा आहे.