व्हॅस्क्युलायटिसच्या पेशंटमधलं एन्युरिझमचं ऑपरेशन

धमनीची भिंत एका जागी कमजोर होऊन तिथे फुगा आला की त्याला एन्युरिझम म्हणतात. वयाने किंवा सिगारेट-बीपीने झालेला पोटातल्या महाधमनीचा फुगा पुरुषांमध्ये साधारण ५.५ सेंमी होईपर्यंत स्कॅन करत थांबता येतं, पण बेहचेट किंवा ताकायासूसारखा व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येण्याचा आजार, असेल तर हा आकडा धरून बसणं धोक्याचं, कारण इथे इम्यून सिस्टीमच भिंतीवर हल्ला करत असते आणि बेहचेटमधला पिशवीसारखा फुगा लहान असतानाही फुटू शकतो.

बेहचेट हे नाव तुर्की त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांच्यावरून पडलं, त्यांनी १९३७ मध्ये त्याचं वर्णन केलं. तोंडात वारंवार फोड, डोळ्यांना सूज, आणि काहींना रक्तवाहिन्यांचा त्रास. ताकायासूमध्ये धमन्या जास्त करून अरुंद होतात, फुगे त्यामानाने कमी.

खरी अडचण टाक्यांची आहे. फुगा कापून कृत्रिम नळी म्हणजे ग्राफ्ट जोडला तरी तो ज्या धमनीला शिवायचा तीही सुजलेलीच असते, टाके धरत नाहीत आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, जोडाच्याच जागी नवा खोटा फुगा (भिंत न फुगता, तिच्यातून बाहेर झिरपलेल्या रक्ताचा) येतो. म्हणून सर्जन जोड शक्यतो निरोगी भागात घेतात, टाक्यांवर आधाराला फेल्टची (जाड कापडासारखी) पट्टी लावतात. पायातली शीर काढून वापरणं बेहचेटमध्ये शक्यतो टाळतात कारण शिराही आजारी असू शकतात. जांघेतल्या धमनीतून आत स्टेंट-ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली नळी) बसवला तर चिरफाड वाचते, पण स्टेंटच्या टोकाशी किंवा जांघेत सुई टोचली तिथेही फुगा येऊ शकतो!

म्हणून आधी औषध. फुटायच्या बेतात नसेल तर स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फमाइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब अशी इम्यून सिस्टीम दाबणारी औषधं देऊन सूज उतरवायची, ईएसआर-सीआरपी (सूज किती आहे ते दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) खाली आले की मग ऑपरेशन, आणि हे माझ्या मते यातलं सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे. फुटलेला असेल तर अर्थातच थांबता येत नाही, मग औषध सोबतच सुरू करतात.

फुफ्फुसाच्या धमनीतला फुगा वेगळा, तिथे ऑपरेशन फार जोखमीचं, बऱ्याचदा औषधांनीच तो आक्रसतो. खोकल्यातून रक्त आलं तर तो इमर्जन्सीचा मामला. आत गुठळी दिसली म्हणून रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने घेऊ नये, जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. ऑपरेशन नीट झालं तरी औषधं एकदम बंद करत नाहीत, स्कॅनही पुढे वर्षानुवर्षं चालू ठेवावे लागतात.