आलिम झाल्यावर वकिलीची सनद : पात्रता, कागदपत्रे आणि कोर्टातले शिक्षण

नवरा वारला. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली आणि एक घर. फराइज (इस्लामी वारसा-वाटपाचे शास्त्र) शिकलेला आलिम (मदरशाचा उच्च अभ्यासक्रम पूर्ण केलेला विद्वान) कर्ज आणि वसियत वजा करून हिस्से तोंडी सांगतो : ३२ पैकी पत्नीला ४, मुलाला १४, मुलींना ७-७. हिशेब बिनचूक असतो. पण त्या बाईला पुढे वारस दाखल्यासाठी दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि भाऊबंद अडून बसले तर वाटपाचा दावा. शेतजमीन असेल तर गुंता आणखी वाढतो, कारण १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मधून ती वगळलेली आहे. फतव्याला कायद्याचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. म्हणूनच फिकह (इस्लामी कायदेशास्त्र) जाणणाऱ्या मुलामुलींनी एलएलबी करावे, असे मला मनापासून वाटते.

आता पात्रता. इथेच सगळ्यात जास्त मुले अडकतात. तीन वर्षांच्या एलएलबीला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावी. दोन्हीकडे किमान ४५ टक्के. ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. महाराष्ट्रात उत्तर प्रदेशासारखे मदरसा बोर्ड नाही, त्यामुळे आलिमची सनद इथे परस्पर बारावी किंवा पदवी ठरत नाही. उत्तर प्रदेशातही कामिल (पदवी) आणि फाजिल (पदव्युत्तर) या पदव्या देण्याचा बोर्डाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी अमान्य केला. अलीगढ, जामिया, मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ ठरावीक मदरशांच्या सनदीवर प्रवेश देतात. अलीगढला त्यासाठी ब्रिज कोर्सही (मदरशातून विद्यापीठात येणाऱ्यांसाठीचा जोड-अभ्यासक्रम) आहे.

एक धोका आधीच सांगतो. दहावी-बारावीचा पाया नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली, तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार विधी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. माझा सल्ला सरळ आहे : मदरशात शिकतानाच एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) दहावी, मग बारावी करून घ्या. दूरस्थ पद्धतीने टप्प्याटप्प्याने केलेले शिक्षण चालते.

राज्यात प्रवेश सीईटी सेलच्या विधी सीईटीतून (प्रवेश परीक्षा) आणि नंतरच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांतून होतो. दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र हाताशी ठेवा. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या समाजांतले असाल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअरही काढा. आणि नाव तपासा! मदरशाच्या सनदीवर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव गायब, असे असेल तर दुरुस्ती किंवा राजपत्रातली नोंद अर्जाच्या आधीच उरकून घ्या.

खरे कामाचे शिक्षण प्रवेशानंतर सुरू होते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २०. सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. मूट कोर्टाच्या (सरावासाठीचे नकली न्यायालय) १०० गुणांच्या पेपरात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बसून पाहायचा आणि वहीत नोंदवायचा असतो. वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराची मुलाखत कशी घेतात, तेही लिहायचे असते. हे आठवडे कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे काढा. खुला (पत्नीने मागितलेला घटस्फोट) म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असते. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली पत्नीसाठी घटस्फोट मागताना कोणते कारण कोणत्या परिच्छेदात आणि कोणत्या पुराव्यासह मांडायचे, हे तिथे कळते. निकाहनामा उर्दूत असेल तर मेहरच्या (नवऱ्याने पत्नीला द्यायच्या) रकमेचा नेमका अनुवाद तुम्हीच करून द्याल, आणि सीनियर पुढच्या वेळी आपणहून बोलावतील.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनदेचा अर्ज. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानुसार नोंदणी शुल्क ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये. सनद मिळाल्यावर दोन वर्षांत एआयबीई (वकिलांसाठीची अखिल भारतीय बार परीक्षा) उत्तीर्ण व्हा. परीक्षेला टिपा नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात, तेव्हा १९३७ आणि १९३९ च्या कायद्यांच्या टिपा न लिहिलेल्या प्रती आतापासूनच वापरात ठेवा.