पैसा, बँकव्यवहार व चलनविषयक धोरण (विद्यापीठीय अध्ययन)

अर्थशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील एक विषय. पैशाचे मोजमाप, बँकांची पतनिर्मिती, मध्यवर्ती बँकेची कार्ये आणि पैसा व किंमतपातळी यांचा संबंध, असा त्याचा आवाका आहे. वृत्तपत्रांत ‘पतधोरण’ म्हणतात ते पाठ्यपुस्तकांतले चलनविषयक धोरण.

भारतात हा विषय वाणिज्य शिक्षणातून रुजला, की रुपयाचे मूल्य कसे राखावे या वादातून? दोन्ही बाजूंना आधार सापडतो. मुंबईत १९१३ मध्ये सिडनेहॅम वाणिज्य महाविद्यालय निघाले आणि बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षांसाठी १९२८ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. तरीही विषयाला सैद्धांतिक बैठक दिली ती रुपयाच्या वादाने, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १८९३ मध्ये हर्शेल समितीच्या शिफारशीवरून टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद झाल्या, म्हणजे लोकांना चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनात. पुढे रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास राखला गेला आणि सुवर्ण विनिमय परिमाण (देशात रुपया चालतो, पण परदेशी व्यवहारांसाठी त्याचा सोन्याशी दर राखला जातो, अशी व्यवस्था) आकाराला आले. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९१३ च्या आपल्या ग्रंथात या परिमाणाचे समर्थन केले. बी. आर. आंबेडकरांनी (ते १९१८ ते १९२० या काळात सिडनेहॅममध्ये प्राध्यापक होते) लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला सादर केलेल्या व १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्याला विरोध केला. विनिमय दर स्थिर असला तरी रुपये पाडण्याला मर्यादा नसेल, तर देशातली त्याची क्रयशक्ती घसरते, हा त्यांचा गाभ्याचा मुद्दा. सरकारलाही रुपये पाडण्यास बंदी असावी, सोन्याच्या नाण्यासाठी टांकसाळ खुली असावी आणि रुपया व सोने परस्परांत परिवर्तनीय नसावेत, अशी योजना त्यांनी भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे मांडली. प्रबंधाचे मार्गदर्शक एडविन कॅनन सर्व मतांशी सहमत नव्हते, पण त्याची प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

रिझर्व्ह बँकेची (१ एप्रिल १९३५) कल्पना आंबेडकरांचीच, असे सर्रास सांगितले जाते. मध्यवर्ती बँकेची स्पष्ट शिफारस हिल्टन यंग आयोगाने १९२६ च्या अहवालात केली; त्याआधी १९१३ मध्ये केन्सने भारतीय चलनावरील आधीच्या चेंबरलेन आयोगासाठी सरकारी बँकेचा आराखडा तयार केला होता. त्यामुळे एकाच व्यक्तीकडे श्रेय देणे कठीण. आंबेडकरांच्या चिकित्सेचे मोल मात्र या श्रेयावर अवलंबून नाही. आजच्या वर्गातही ती मुळातून वाचायला हवी.

पतनिर्मिती वर्गात साध्या आकड्यांनी शिकवतात. हजार रुपयांची ठेव, १० टक्के राखीव. ९०० कर्ज, ते पुन्हा ठेव, मग ८१०, ७२९. सरतेशेवटी एकूण ठेवी १०,००० रुपये, म्हणजे मूळ ठेवीच्या दहापट; या पटीलाच गुणक म्हणतात. ही मांडणी गणिताला सोपी, पण ठेव आधी व कर्ज नंतर असा उलटा क्रम ठरवणारी. बँक कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा दाखवते त्याच क्षणी ठेव जन्मते, असे बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये स्पष्टपणे लिहिले. हेच वर्णन प्रत्यक्ष व्यवहाराला जवळचे दिसते. परीक्षेत मात्र गुणकच जास्त विचारला जातो.

पैशाच्या मोजमापात एम१ (लोकांजवळील चलन, मागणी ठेवी व रिझर्व्ह बँकेकडील इतर ठेवी) आणि त्यात बँकांच्या मुदत ठेवी मिळवून होणारा एम३ हे नेहमी लागतात. चक्रवर्ती समितीने (१९८५) पैशाच्या पुरवठ्याचे लक्ष्य सुचवले. उर्जित पटेल समितीनंतर (२०१४) भर महागाईवर आला. रिझर्व्ह बँक कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने सहा सदस्यांची समिती रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो व्याजदर) ठरवू लागली. ग्राहक किंमत निर्देशांकानुसार महागाई ४ टक्के, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा, असे लक्ष्य आहे.