प्रश्नपत्रिका फुटते कुठे, आणि ती जपायची कशी
परीक्षा घेणाऱ्या संस्थांसाठी माहितीपत्रक

परीक्षेची सुरक्षितता म्हटली की बहुतेक ग्राहक आधी कॅमेऱ्यांबद्दल विचारतात. कॅमेरे हवेतच. पण वर्गात चिठ्ठी सापडली तर प्रश्न एका परीक्षार्थीचा असतो. प्रश्नच आधी बाहेर गेले, तर प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या प्रत्येकाच्या निकालावर संशय येतो आणि फेरपरीक्षेचा भुर्दंडही त्यांनाच बसतो. म्हणून आमचे काम प्रश्न लिहिला जातो तिथपासून सुरू होते.

प्रश्न किती नजरांखालून जातो?

प्राश्निक, तपासनीस, भाषांतरकार, अक्षरजुळणी करणारे, छापखाना, वाहतूक, केंद्रप्रमुख. वाटेतल्या प्रत्येक हाताला तो दिसतो. ही साखळी आम्ही आखूड करतो. एका प्राश्निकाकडून थोडेच प्रश्न घ्यायचे, पण सगळ्यांचे मिळून गरजेच्या कितीतरी पट जमवायचे. त्यातले कोणते परीक्षेत येणार, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. प्रश्न ईमेल किंवा मोबाइलवरून फिरत नाहीत. फाइल कूटबद्ध असते, ती उघडायला दोन व्यक्तींच्या किल्ल्या लागतात आणि कोणी, कधी उघडली याची नोंद राहते. संगणकावरच्या परीक्षेत हीच फाइल केंद्रावर आधी पोचते, किल्ली मात्र परीक्षेच्या तोंडावर मिळते. छापील प्रतीवर केंद्रानुसार वेगळी खूण असते, त्यामुळे फोटो बाहेर आला तर तो कुठल्या गठ्ठ्यातला हे शोधता येते.

अ, ब, क, ड असे संच केले की शेजाऱ्याचे पाहून लिहिणे अवघड होते. फुटलेल्या प्रश्नांवर मात्र त्याचा उपयोग नाही, कारण प्रश्न तेच असतात, क्रम तेवढा बदलतो. पर्यायांची अदलाबदल करताना ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय शेवटीच राहायला हवा, नाहीतर प्रश्नच चुकतो. प्रत्येक संचाची उत्तरतालिका आम्ही स्वतंत्रपणे पडताळतो.

वापरलेला प्रश्न

परीक्षा अनेक सत्रांत असेल, तर पहिल्या सत्रातले लोक प्रश्न डोक्यात घेऊन बाहेर पडतात. 1994 साली अमेरिकेत एका शिकवणी संस्थेने आपली माणसे संगणकावरच्या जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेला बसवली. त्यांनी लक्षात ठेवलेल्या प्रश्नांवरून दिसले, की तेच तेच प्रश्न पुन्हा येत आहेत. ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेला त्या परीक्षेचे दिवस कमी करावे लागले. उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडणाऱ्या परीक्षांमध्ये हा धोका जास्त असतो, कारण यंत्रणा सर्वांत कसदार प्रश्न पुन्हा पुन्हा उचलते. त्यामुळे एक प्रश्न किती जणांना दिसावा याची मर्यादा आम्ही आधीच ठरवतो आणि ती गाठली की प्रश्न बाजूला काढतो. प्रश्नपेढी छोटी असेल तर हे जमत नाही. पेढी वाढवायला वेळ आणि पैसा लागतो, पण आमच्या मते सुरक्षिततेवरचा पहिला खर्च तोच असावा.

निकालातले संशयास्पद साम्य

परीक्षेनंतर आम्ही उत्तरे ताडून पाहतो. बरोबर उत्तरे जुळली तर त्यात नवल नाही. आम्ही चुकीची उत्तरे पाहतो. चार पर्यायांत तीन चुकीचे. ते सारखेच फसवे मानले आणि दोघांचे तेच 10 प्रश्न चुकले, तर दहाही ठिकाणी चुकीचा पर्याय योगायोगाने एकच निघण्याची शक्यता 59,049 मध्ये एक. आकडा मोठा वाटतो. पण 1,000 परीक्षार्थींच्या जोड्या होतात 4,99,500. सगळ्यांचेच असे 10 प्रश्न चुकले असतील, तर निव्वळ योगायोगाने आठेक निर्दोष जोड्या या जाळ्यात येतील. प्रत्यक्षात एखादा चुकीचा पर्याय अनेकांना बरोबर वाटतो, त्यामुळे साम्य आणखी वाढते. म्हणून केवळ आकड्यावर कोणाचाही निकाल रोखू नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो. आसनव्यवस्था, प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ, पर्यवेक्षकाची नोंद यांच्याशी ते जुळते का ते पाहा आणि परीक्षार्थीला बाजू मांडू द्या.

घरून दिलेल्या परीक्षेलाही हेच लागू आहे. मान वळवली किंवा उजेड कमी पडला तरी कॅमेऱ्यातून नजर ठेवणारे यंत्र इशारा देते. तो इशारा माणसाने चित्रण पाहून तपासल्याखेरीज आम्ही अहवालात घेत नाही.

तुमच्याकडून काय लागेल

प्रश्न पाहण्याचा अधिकार असलेल्यांची लेखी यादी, जितकी लहान तितकी बरी. ज्यांचे पाल्य किंवा विद्यार्थी परीक्षेला बसणार आहेत, त्यांची नावे त्यात नकोत. गोपनीयतेच्या करारावर सह्या. आणि पेपर फुटल्याचे कळले तर परीक्षा थांबवण्याचा निर्णय कोण घेणार, हे आधीच ठरलेले असावे; त्यासोबत वापरायला राखीव प्रश्नपत्रिका तयार हवी.

पहिल्या भेटीला येताना आगामी परीक्षेचा एकही प्रश्न आणू नका. आधीच जाहीर झालेली एखादी जुनी प्रश्नपत्रिका नमुन्यासाठी पुरेशी आहे.