लिंबाचा डाग घासून का जात नाही?

आमच्या कडप्प्याच्या ओट्यावर एकदा लिंबाची अर्धी फोड रात्रभर पालथी पडून राहिली. सकाळी तिथे पांढुरकं वर्तुळ. साबणाने घासलं, भिजत ठेवलं, पुन्हा घासलं. वर्तुळ जागच्या जागी. जाणार कसं? वर काही चिकटलेलंच नव्हतं. तेवढ्या जागेतला दगड विरघळला होता.

कडप्पा, शहाबादी, कोटा ही सगळी चुनखडकाची भावंडं. संगमरवरही त्याच कुळातला. जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने चुनखडकाचाच तो होतो. या सगळ्यांत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यांतलं आम्ल त्याला गाठतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि गुळगुळीत पृष्ठभाग सूक्ष्म खरबरीत होतो. खरबरीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, म्हणून चकाकी जाऊन तिथे पांढुरकं दिसतं. ग्रॅनाइट मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा, त्याला लिंबाचं भय नाही.

सीलर, म्हणजे दगडात पाणी-तेल मुरू नये म्हणून लावायचं द्रावण, विकत घेताना नेमका इथेच गैरसमज होतो. दगडात केसाहून बारीक छिद्रं असतात आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी, चहा, तेल त्यांत शिरतं. आत मुरणाऱ्या सीलरमधले सिलेन किंवा सिलोक्सेन या सिलिकॉनयुक्त रसायनांचे रेणू छिद्रांच्या भिंतींना अस्तरासारखे बसतात. मग पाणी अळूच्या पानावर राहावं तसं थेंबाथेंबाने वर राहतं. छिद्रं मात्र उघडीच असतात, त्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते. पण दगडाचा वरचा थर आम्लासमोर उघडाच राहतो. सीलर मुरणारा डाग रोखतो, लिंबाचा चट्टा रोखत नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे ठासून सांगतो.

सीलर लागणार का, हे पाण्याचा थेंब सांगतो. दगडावर थोडं पाणी दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. खालची जागा गडद झाली तर दगड पाणी पितो आहे. फरशी पूर्ण वाळवूनच सीलर लावायचा आणि वर उरलेला लगेच पुसून काढायचा, नाहीतर चिकट धुरकट थर बसतो. तळमजल्याच्या शहाबादीवर वार्निशसारखा थर तर नकोच. पावसाळ्यात जमिनीतून चढणारी ओल त्याखाली अडकते आणि थराचे पोपडे निघतात.

कडप्प्याला खोबरेल लावायची आपल्याकडची पद्धत मला आवडते. छिद्रांत तेल भरलं की प्रकाश कमी विखुरतो आणि दगड काळाभोर दिसतो. ओली फरशी गडद दिसते त्याचंही कारण हेच. पण हात हलका हवा, कारण जास्तीच्या तेलावर धूळ बसते.

बांधकाम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला ‘ॲसिड मारतो’ असं कुणी म्हणालं, तर चुनखडकाच्या फरशीवर त्यांना कृपया थांबवा. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, लिंबाहून कितीतरी जहाल. रोजच्या पुसण्याला साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे. पुसण्याआधी केर मात्र नीट काढावा. वाळूतलं क्वार्ट्झ काठिण्याच्या मोजपट्टीवर 7, संगमरवरातलं कॅल्साइट 3. पायाखालची रेती ती फरशी रोज ओरखडत असते.

मुरलेल्या डागासाठी लेप हाच उपाय. ताजमहालाच्या पिवळ्या पडलेल्या संगमरवराला पुरातत्त्व खातं मुलतानी मातीचा लेप देतं. लेप वाळताना छिद्रांतली घाण ओढून घेतो. संगमरवरी देवघरात समईचं तेल मुरलं असेल, तर खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून थापा, प्लॅस्टिकने झाका आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून वाळू द्या. समई तोवर विझवून दूर ठेवा, ॲसिटोन क्षणात पेटतं. हळदीचा डाग उन्हात आपोआप फिका होतो. आमच्या ओट्यावरच्या वर्तुळाला शेवटी पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागलं.