कॉम्प्रेसर गेला म्हणे!

मुंबईत ऐन मे महिन्यात एसी बसला की मेकॅनिक येतो, आउटडोअरला हात लावतो आणि सांगून मोकळा होतो, साहेब कॉम्प्रेसर गेला. हजारोंचा खर्च. पण बऱ्याचदा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा मोटरवाला पंप) ठणठणीत असतो आणि गेलेला असतो त्याच्या बाजूचा कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारा छोटा डबा, जो काहीशे रुपयांत येतो.

लक्षण कसं, तर आतला ब्लोअर चालू, हवा मात्र गार नाही, आणि मधूनमधून बाहेरून हुम्म्म असा आवाज येतो आणि टक् करून बंद. घरातली वीज सिंगल फेज, 230 व्होल्ट, तिने कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते नुसतं उलटसुलट होत राहतं, गोल फिरत नाही, त्यामुळे थांबलेली मोटर आपणहून सुरूच होत नाही. म्हणून आत दोन वाइंडिंग (तारेची वेटोळी) असतात, रन आणि स्टार्ट, आणि स्टार्टच्या वाटेतला कपॅसिटर तिथला करंट थोडा आधी पोचवतो, त्या फरकाने मोटरला फिरायची दिशा मिळते. कपॅसिटर दमला की मोटर जागच्या जागी अडते, पाच-सहा पट करंट खाते, तापते आणि ओव्हरलोड (मोटर तापली की वीज तोडणारा स्विच) तिची वीज तोडतो. तेच ते टक्.

दीड टनाच्या साध्या एसीला साधारण 35 ते 50 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, आकडा अंगावरच छापलेला असतो, मीटरवर त्यापेक्षा बराच कमी दाखवला तर बदलायचा. (स्वतः हात घालू नका हं, मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, जोरदार झटका बसतो.)

आता वाइंडिंग. वायरी काढून कॉम्प्रेसरच्या तीन पिना मोजायच्या, सी (कॉमन), आर (रन), एस (स्टार्ट). समजा सी-आर दीड ओहम आणि सी-एस तीन आलं, तर आर-एस साडेचार यायलाच हवं, बेरीज जुळली की वाइंडिंग तुटलेली नाही. गंमत इथेच आहे, कारण तापलेल्या कॉम्प्रेसरवर मोजलं तर सी पासून दोन्हीकडे काहीच येत नाही आणि मेकॅनिक म्हणतो ओपन, म्हणजे वाइंडिंग तुटली! पण आर-एस नीट येतंय ना? मग बहुतेक आतला ओव्हरलोड उघडलाय, दोनेक तास थंड होऊ द्या आणि परत मोजा. गॅस कमी असला तरी असंच होतं, कारण परत येणारा गार गॅसच मोटरला थंड ठेवतो. मेकॅनिक घाईत असतात, थांबत नाहीत, हे आपणच सांगायचं.

समुद्राच्या खाऱ्या हवेने पिना गंजतात, लूज झालेली लग (वायरीच्या टोकाची क्लिप) काळी पडते, तेही बघून घ्या.

इन्व्हर्टर एसीचा हिशोब वेगळा, तिथे तीन फेजची मोटर, पिनांच्या तिन्ही जोड्या सारख्याच यायला हव्यात, सारख्या आल्या तर संशय आधी पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर.

आणि कॉम्प्रेसर खरंच गेलाय असं कधी मानायचं? थंड झाल्यावरही पिना ओपन, किंवा पीन आणि बॉडीमध्ये मीटर बोलतो (म्हणजे जोडणी दाखवतो) आणि कॉम्प्रेसर जोडला की लगेच एमसीबी नाहीतर ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, वायर काढली की पडत नाही. मग मात्र नव्या कॉम्प्रेसरचा भाव विचारायला हरकत नाही.