पिंगला उत्तर नाही, तरी संगणक जागेवरच

घरात दोन संगणक आहेत. एकावर लिनक्स, दुसऱ्यावर विंडोज. राउटर एकच, इंटरनेट दोन्हीकडे नीट चालतं. विंडोजवरून लिनक्सला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी छोटी हाक पाठवली, की लगेच उत्तर येतं, पण लिनक्सवरून विंडोजला पिंग केलं तर काहीच येत नाही. अशा वेळी पुष्कळ जण केबल बदलू लागतात. त्याची गरज नसते. एका बाजूने पिंग चालतं म्हणजे पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) जातही आहेत आणि परतही येत आहेत.

पिंग हा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत लिहिला आणि सोनार या पाण्याखाली आवाजाने वस्तू शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. पण सोनारचा प्रतिध्वनी पाणबुडीच्या मर्जीवर नसतो. पिंगला उत्तर द्यायचं की नाही, हे मात्र समोरचा संगणक ठरवतो. विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा पहारेकरी, विशेषतः नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असेल तर, अशी हाक आत येऊच देत नाही.

मग तो संगणक तिथे आहे की नाही, हे कळायचं कसं? इथे एआरपी (नेटवर्कवर यंत्राचा पत्ता शोधायचा नियम) कामी येतो, आणि मला तो या सगळ्यातला सर्वात सुंदर भाग वाटतो. १९८२ साली ठरलेली ही पद्धत अशी: पिंगचं पाकीट निघण्याआधी लिनक्स घरातल्या सगळ्या यंत्रांना विचारतो, ‘१९२.१६८.१.१२ हा पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल तो आपल्या नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाची ओळख, कळवतो. फायरवॉल सहसा हा प्रश्न अडवत नाही, कारण तो अडवला तर त्या यंत्रापर्यंत कोणालाच पोचता येणार नाही.

म्हणून पिंग फसल्यावर लगेच लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘आयपी नेबर’ (ip neighbor) ही आज्ञा द्या. विंडोजच्या पत्त्यापुढे मॅक पत्ता दिसला, तर संशय फायरवॉलवर. ‘फेल्ड’ (FAILED) दिसलं, तर पत्ता चुकला असेल, किंवा एखादं यंत्र राउटरच्या गेस्ट वायफायवर असेल. तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याची सोय असते. पत्ताच १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही.

फायरवॉल अख्खा बंद करू नका. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करून फाइल आणि प्रिंटर शेअरिंग तेवढं सुरू करा. फायलींची देवाणघेवाण पोर्ट ४४५ वरून होते; पोर्ट म्हणजे संगणकात शिरायचं क्रमांक दिलेलं दार. ते उघडं असेल, तर पिंगला उत्तर न देणाऱ्या संगणकावरचं फोल्डरही उघडतं.